पंखा बदलायचा म्हणजे

आमच्या तलवाड्यात विमान कधी उतरलं नाही. गेवराई तालुक्यातलं गाव, टेकडीवर त्वरितादेवी, खाली काळ्या रानात कापूस नि ऊस. इथे विमानाचं काय काम? तरी गावातल्या जुन्या माणसांना विमानाच्या आवाजाचा कान होता. माझी आजी आकाशातल्या आवाजांच्या दोनच जाती करायची. एक फाडत जाणारा, दुसरा घुमत जाणारा. फाडत जाणाऱ्याकडे ती मान वर करूनही बघत नसे. घुमणाऱ्याबद्दल मात्र तिच्याजवळ गोष्ट होती आणि ती रझाकाराच्या सालातली होती.

त्या साली पाऊस लांबलेला होता, माणसं माळवदावर झोपत. मध्यरात्रीनंतर मावळतीकडून एक आवाज यायचा आणि खालच्या अंगाला, बीदरच्या दिशेनं विरायचा. "उंऽऽ... उंऽऽ... असा," आजी तोंडानं करून दाखवायची. "येकदम बारीक व्हायचा, परत मोठा. आमचे आबा म्हनायचे, निजामासाठी बंदुका चालल्या. दिवा मालवा." दिवा मालवून विमानाला काय फरक पडणार होता? पण घरोघर दिवे मालवले जात. रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, भीती जमिनीवरची होती. ही वरून आलेली नवी भीती, तिच्यावर उपाय कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून दिवा.

ही गोष्ट मी लहानपणी राक्षसाच्या गोष्टींच्या रांगेत बसवली होती. पुढे हैदराबाद संस्थानाचा इतिहास वाचताना सिडनी कॉटन हे नाव भेटलं. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक 1948 साली कराचीहून निजामाकडे चोरून शस्त्रं पोचवत होता. रात्रीची उड्डाणं, उतरायची ठिकाणं बीदर आणि वरंगळ. विमानं लँकास्ट्रियन, म्हणजे महायुद्धातल्या लँकास्टर बाँबफेकी विमानाची मालवाहू भावंडं. चार इंजिनं, चार पंखे. कराची आणि बीदर यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती बीड जिल्ह्यावरून जाते. विमानं त्या रेघेवरूनच गेली असं मी म्हणणार नाही, चोरटा माणूस सरळ रेघेनं जातोच असं नाही. पण आबांनी माळवदावरून जे अनुमान काढलं ते हवेतलं नव्हतं.

13 सप्टेंबरला पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची निजामावरची कारवाई, सुरू झाली. पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले, 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आजीच्या गोष्टीत हे सगळं एका वाक्यात उरकायचं: "मग दिवसाची इमानं आली, आन रातीची बंद झाली."

त्या "उंऽऽ उंऽऽ"चा उलगडा केला तो माझ्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. 1966 साली गेवराईच्या एसटीत काळी ट्रंक घेऊन बसले आणि हवाई दलात भरती झाले. वैमानिक म्हणून नव्हे, इंजिन फिटर म्हणून. रजेवर आले की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आण्णा, इमान चालिवलं का न्हाई आजून?" आण्णांचं उत्तरही ठरलेलं. "चालिवलं न्हाई, चालू ठिवलं."

आजीचा आवाज ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हातारी बरोबर सांगती. एका इंजिनाचा पंखा असा घुमत नाही. दोन-चार पंखे असले आणि त्यांचे फेरे अगदी सारखे नसले, की एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळून चढतो-उतरतो. वैमानिक मग पंख्यांच्या फेऱ्यांचे दांडे हलवून पंखे एका ठेक्यात आणतो. रात्रभर तसंच घुमत गेला असेल, तर तो गडी एक तर घाईत होता नाहीतर दमलेला." कॉटनच्या एखाद्या वैमानिकाची अवस्था आमच्या ओसरीवर अशी ओळखली गेली. इतिहासाच्या पुस्तकात शस्त्रांच्या उड्डाणांबद्दल लिहिलेलं असतं. पंख्यांच्या फेऱ्यांबद्दल काही नसतं.

आण्णांच्या नोकरीचा पहिला मोठा काळ पॅकेट विमानांवर गेला. फेअरचाइल्ड सी-119, अमेरिकेकडून 1954 साली घेतलेलं. मधे डबा, मागे दोन शेपट्या, दोन्ही बाजूंना भलीमोठी पिस्टन इंजिनं आणि चार पात्यांचे पंखे. सपाट मुलखात हे विमान बरं. पण 1962च्या आधीपासूनच त्याच्यावर लडाखची पाळी आली. उंचीवर हवा विरळ. इंजिनाला श्वास कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी, पंखाला उचलायला हवा कमी. तिन्हीकडून मार. 23 जुलै 1962 रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं, 16,600 फुटांपेक्षा उंचावरच्या कच्च्या पट्टीवर. उतरणं ही अर्धीच गोष्ट. एवढ्या उंचीवरून पुन्हा उठायचं असतं.

जुनं मालवाहू विमान ताकदवान करायचं म्हणून आपल्याकडे जे केलं गेलं ते ऐकून मला अजून गंमत वाटते. पंखे बदलले नाहीत, इंजिनं बदलली नाहीत. विमानाच्या पाठीवर तिसरं इंजिन बसवलं. ऑर्फियस नावाचं जेट, बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये नॅट या छोट्या लढाऊ विमानासाठी बनत होतं, तेच पॅकेटच्या टपावर चढवलं. धावपट्टीवरून उठताना ते पेटवायचं, उंची गाठली की बंद करायचं. आण्णा सांगतात, "खाली उभं राहिलं की दोन आवाज यायचे. पंख्यांचा छातीत बसायचा आणि वरच्या जेटचा कानात." आजीच्या दोन्ही जाती एकाच विमानात.

हा जुगाड होता, पण अडाणी जुगाड नव्हता. पंखा का बदलला नाही, हे समजून घेतलं तर त्यात मोठं शहाणपण दिसतं. आण्णांनी मला ते विहिरीवर समजावलं. जायकवाडीचा कालवा आला आणि आमच्या भागात विजेचे पंप वाढले. कुणीतरी एकाने पाणी जास्त ओढावं म्हणून पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला मोठा इम्पेलर बसवला. पाणी दोन दिवस धो-धो आलं आणि तिसऱ्या दिवशी वाइंडिंग जळालं. "पंखा मोठा केला की मोटर मोठी लागती. मोटर मोठी केली की वायर जाड लागती, स्टार्टर दुसरा लागतो, फाउंडेशन हलतं. विमानात तर फाउंडेशनच उडत असतं." जास्त हवा ढकलणारा पंखा फिरवायला इंजिनाची ताकद लागते. ती ताकद गिअरबॉक्समधून जाते, तो झेपला पाहिजे. पंख्याचा व्यास वाढला की टोकं जमिनीला आणि विमानाच्या पोटाला जवळ येतात. शिवाय टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की पातं हवा ढकलायचं सोडून नुसता गोंगाट करतं. आणि पंख्यातून येणारी प्रत्येक थरथर शेवटी पंखाच्या रिव्हेटमध्ये जाते, जिथे आधीच वीस-पंचवीस वर्षांचा थकवा साचलेला असतो.

हे सगळं मान्य करून, आधी पंखा ठरवून मग बाकीचं विमान त्याच्याभोवती उभं करायचं, असं कुणी केलं का? केलं, आणि ते विमान आण्णांच्या नोकरीच्या उतारावर त्यांच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. 1984 साली सोव्हिएत युनियनमधून, खरं म्हणजे युक्रेनमधल्या कीवहून, एएन-32 आली. हवाई दलानं तिला सतलज नाव दिलं, पण आण्णांच्या तोंडी ती कायम "एएन"च. मूळ विमान एएन-26, दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे 2,800 अश्वशक्तीचं इंजिन, 3.9 मीटरचा पंखा. भारतासारख्या उष्ण आणि उंच प्रदेशांसाठी त्याच देहाला 5,180 अश्वशक्तीची एआय-20 इंजिनं लावायचं ठरलं. एवढी ताकद हवेत उतरवायला 4.7 मीटर व्यासाचा पंखा लागतो. तो मूळ जागी मावत नव्हता. मग इंजिनंच उचलून पंखाच्या वर बसवली. एएन-32 समोरून पाहिलं तर खांदे वर चढवून बसलेल्या माणसागत दिसतं, ते त्या पंख्यांपायी. बिनधास्त काम. दिसायला बेढब आणि लेहच्या दुपारी इतरांपेक्षा खात्रीचं.

आण्णा तेव्हा चंदीगडला होते. पॅकेटवरून एएनवर आलेल्या फिटरांना पहिल्यांदा काय जाणवलं असेल? आवाज. आत बसलेल्याला तर विचारूच नका. चार पात्यांचा तो पंखा खोडाला इतक्या जवळून हवा कापतो की पोटातल्या जवानांना एकमेकांशी बोलण्यासाठी कानाशी तोंड न्यावं लागतं. आण्णांच्या डाव्या कानाला आज कमी ऐकू येतं, त्याचा दोष ते कुणाला देत नाहीत. मीही देणार नाही.

त्यांच्या कामातला मला सर्वात आवडणारा भाग मात्र अगदी गुपचूप होता. उड्डाण संपलं, पंखा थांबला, की प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवायचं. कच्च्या पट्टीवर पंख्याचा वारा खडे उचलतो आणि ते पात्यावर आदळून बारीक खाचा पडतात. नखाला अडकेल एवढी खाच असली तरी ती बारीक कानशीनं, मग पॉलिश कागदानं गुळगुळीत करायची. तशीच सोडली तर तिच्या टोकापासून तडा सुरू होतो. किती खोल खाच घासून चालेल याचं माप ठरलेलं, त्यापुढे पातं बाद. "नख म्हणजे आमचं पहिलं यंत्र," आण्णा म्हणतात. बोरीच्या काट्यांनी भरलेल्या रानात काम केलेल्या शेतकऱ्याच्या पोराला हे यंत्र नीट चालवता येत होतं यात मला नवल वाटत नाही.

नख चुकलं तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. 10 जुलै 2017 रोजी मिसिसिपी राज्यातल्या लेफ्लोर काउंटीत अमेरिकन मरीन दलाचं केसी-130टी विमान हवेतच फुटलं. सोळा जण गेले. चौकशीत निघालं ते असं: दुसऱ्या क्रमांकाच्या पंख्याचं एक पातं सुटून विमानाच्या खोडात घुसलं. त्या पात्यात गंजानं खड्डे पडले होते, त्यातून तडा वाढला होता, आणि 2011 साली हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत ओव्हरहॉल होताना ते निस्तरलं गेलं नव्हतं. ते पंखे हॅमिल्टन कंपनीचे, धातूच्या चार पात्यांचे, रचना 1950च्या दशकातली. पुढे 2022च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन हवाई दलाला पंख्यांच्या मधल्या भागात तडे सापडले आणि जुनी 116 सी-130एच विमानं एकदम जमिनीवर बसवावी लागली.

त्यामुळे अमेरिकेत जुन्या विमानांचे पंखेच बदलायचा मार्ग पक्का झाला. एनपी-2000 नावाचा पंखा, आठ पाती, तीही धातूची नव्हे तर कॉम्पोझिटची. आधी नौदलाच्या हॉकाय विमानांवर तो आलेला होता. सी-130एचवर बसवताना व्यास जवळपास तोच ठेवला आणि पाती दुप्पट केली. म्हणजे इंजिनाची तीच ताकद जास्त पात्यांत वाटली गेली, प्रत्येक पात्यावरचा भार हलका झाला, थरथर आणि आवाज उतरला, उठायला धावपट्टी कमी लागू लागली. अंटार्क्टिकात बर्फावरून घसरपट्ट्यांनी उठणारी न्यूयॉर्कच्या एअर नॅशनल गार्डची विमानं आधी रॉकेट पेटवून उठायची. या पंख्यांनी रॉकेटची गरज कमी केली. पण मला विचाराल तर यातली खरी सुधारणा फिटरच्या अंगानं बघायची. जुन्या पंख्याचं एक पातं खराब झालं की आख्खा पंखा उतरवावा लागे. नव्याचं एकच पातं विमानावरच बदलता येतं. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थंडीत उघड्यावर पंखा उतरवलेल्या मानसाला इचार, ते काय सुख असंल."

आपल्या एएनचं काय झालं? 2009 साली युक्रेनशी सुमारे 40 कोटी डॉलरचा करार झाला. शंभराच्या वर विमानं सुधारायची, त्यातली चाळीस कीवला आणि उरलेली कानपूरच्या एक क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत. हवाई दलाच्या अशा सगळ्या डेपोंचा कारभार जिथून चालतो ते मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाच्या ध्यानात नसते. करारात आयुष्य 25 वर्षांवरून 40 वर्षांवर नेणं, नवी दिशादर्शक आणि संपर्क यंत्रणा, नवी ऑक्सिजन व्यवस्था, वैमानिकांच्या चांगल्या खुर्च्या हे होतं. सुधारलेल्या विमानावरही पंखे चार पात्यांचेच राहिले.

हे भित्रेपण म्हणायचं का? मी म्हणणार नाही. एएनमध्ये पंख्याची बाजी जन्माच्या वेळीच खेळून झाली होती. 4.7 मीटरच्या पंख्यासाठीच ते शरीर वाकवलेलं. त्याला नवा पंखा द्यायचा तर नवं इंजिन द्यावं लागतं, हे अँटोनोव कंपनीनंच करून दाखवलं. 31 मार्च 2017 रोजी कीवला एएन-132 उडालं. तोच साचा, पण कॅनडाची पीडब्ल्यू-150 इंजिनं आणि डाउटीचे सहा पात्यांचे पंखे. हेच पंखे आपल्याकडच्या छोट्या शहरांना जोडणाऱ्या क्यू-400 प्रवासी विमानांवर असतात. सौदी अरेबियाबरोबरचा हा घाट पुढे गेला नाही. आणि त्याच्याही आधी, 2014 साली क्रायमियाचा संघर्ष पेटला आणि आपल्या कानपूरच्या कामाला लागणारे सुटे भाग अडकले. 2022च्या फेब्रुवारीत तर रशियाचं सैन्य कीवजवळच्या होस्टोमेल या अँटोनोवच्या विमानतळावरच उतरलं. सुटे भाग रशियन-युक्रेनी, भांडण त्यांचंच आपापसात, विमान आपलं. अशा वेळी नवा पंखा ही चैन ठरते.

एएननं तरीही कामं केली. 31 मे 2008 रोजी ती दौलत बेग ओल्डीला उतरली, तिथे 43 वर्षांनी पंख असलेलं विमान उतरत होतं. तिनं माणसंही घेतली. 22 जुलै 2016ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरात हरवलं, त्याचे अवशेष साडेसात वर्षांनी समुद्राच्या तळाशी सापडले. 3 जून 2019ला जोरहाटहून मेचुकाला जाणारं विमान 13 जणांसह डोंगरावर आदळलं. जोरहाटचं नाव निघालं की आण्णा विषय बदलतात.

विषय बदलताना ते हमखास ज्याच्याकडे वळतात ती गोष्ट इंधनाची. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेनं मोगली एरंडाच्या बियांपासून विमानाचं इंधन केलं आणि 26 जानेवारी 2020च्या संचलनात एएन-32 त्याच्या मिश्रणावर उडाली. मोगली एरंड म्हणजे आमच्याकडे बांधावर लावतात तो, ज्याला जनावरसुद्धा तोंड लावत नाही. पारावर ही बातमी आण्णांनी सांगितली तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. "आण्णा, बांधावरच्या एरंडावर इमान?" "बांधावरच्याच." पंखा जुना, इंजिन जुनं, टाकीत मात्र नवं काहीतरी, सुधारणा कुठून शिरेल हे आधी सांगता येत नाही.

आता सहा पात्यांचे दिवस आलेच आहेत. जुन्या ॲव्हरो विमानांच्या जागी 56 सी-295 विमानांचा करार 2021च्या सप्टेंबरमध्ये झाला; त्यातली 16 स्पेनहून तयार यायची आणि 40 बडोद्याला टाटांच्या कारखान्यात जोडायची असं ठरलं. तिचे पंखे कॉम्पोझिटचे, सहा पात्यांचे. एएनच्या वरच्या वर्गाचं विमान कोणतं घ्यायचं, यासाठी हवाई दलानं 2022च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांकडून माहिती मागवली, 18 ते 30 टन वजन उचलणारं. गेल्या नवरात्रात देवीच्या पायऱ्या उतरताना मी आण्णांना हे सांगत होतो. गुडघे दुखतात म्हणून ते दर दहा पायऱ्यांवर थांबतात आणि थांबले की प्रश्न विचारतात.

"कोन कोन हाय रांगेत?"

सी-130जे, युरोपचं ए-400एम, ब्राझीलचं सी-390, मी नावं सांगितली.

"पाती?"

"पहिल्याला सहा, दुसऱ्याला आठ. तिसऱ्याला नाहीतच, ते जेट आहे."

आण्णांनी काठी खालच्या पायरीवर टेकवली. "मग त्या बिनपात्याच्याला इचारा आधी, दौलत बेगच्या पट्टीवरचे खडे गिळले तर काय करशील. आन उत्तर कागदावर घ्या, सहीनिशी."